मावळ्यांच्या मुक्कामासाठी पळी, तवा आणि चकमक

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्यातला तुमचा तीस जणांचा गट अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मैदानात दोन दिवस गडावरच्या शिबंदीचा मुक्काम उभा करणार आहे. काळ धरलाय औरंगजेबाच्या वेढ्याचा, म्हणजे डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००. अंगरखे, मुंडाशी, ढाली झाल्या, आता जेवणाची भांडी राहिलीत. ऑनलाइन ‘हाताने घडवलेले शिवकालीन’ म्हणून पीळदार दांड्याचा काटा, चमचा आणि सुरी असा लोखंडी संच मिळतो. तो तीस नग मागवावा की इथल्या लोहाराकडून तसाच घडवून घ्यावा, आणि त्यात खरोखर जेवलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तो संच मागवू नका आणि तसा घडवूनही घेऊ नका. मी स्वतः लोहारकाम करतो, घरात तीन पिढ्या ऐरण आहे. तीस संचांचं काम मिळालं तर माझा महिना निघेल, तरीही हेच सांगतो. तो पीळ, ती वळलेली टोकं, सगळा घाट युरोपातल्या मध्ययुगीन मेळ्यांसाठी बनणाऱ्या वस्तूंचा आहे. नाव बदलून तो आपल्याकडे विकला जातो. आपला माणूस हाताने जेवत होता. भाकरीचा तुकडा मोडायचा, कोरड्यासात बुडवायचा, नाहीतर सगळं कुस्करून काला करायचा. यात चमच्याला जागाच नाही. घरात लहान चमच्यासारखी वस्तू होती ती पूजेतली पळी, पंचपात्रासोबतची, आचमनाची. तान्ह्या मुलाला दूध पाजायला बोंडलं होतं. मोठ्या माणसाच्या ताटात मात्र बोटंच.

काट्याचं तर विचारूच नका. खुद्द इंग्लंडात तो तेव्हा नवा होता. टॉमस कोर्याट नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात इटलीतल्या लोकांच्या काट्यांचं नवल केलं, आणि त्याच्या देशात काटा घरोघर रुळायला त्यानंतर बराच काळ गेला. पुढेमागे तुम्ही १६७४ च्या राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झेंडनचा प्रसंग केलात, तर त्या इंग्रजांच्या पुढ्यात सुरी आणि चमचा ठेवा. काटा ठेवायचाच असेल तर दोन दातांचा. चार दातांचा काटा दिसला की जाणकार माणूस तिथेच थांबतो.

मग लोखंडाचं काय होतं? वाढायची आणि रांधायची हत्यारं होती. पळी, झारा, उलथनं, तवा, कढई, विळी, सांडशी. तीस माणसांच्या मुक्कामाला दोन पळ्या, एक झारा, दोन उलथनी, दोन तवे आणि एक विळी पुरते. तुमचे पैसे इथे घाला. तीस वाईट चमच्यांपेक्षा एक नीट घडवलेली पळी बघणाऱ्याला जास्त सांगते, कारण ती चुलीवर चालताना दिसते.

पळी कशी घडते ते सविस्तर लिहितो, कारण लोहारासमोर उभं राहून काय मागायचं ते तुम्हाला कळायला हवं. दोन रीती आहेत. एकीत पत्र्याची वाटी ठोकून तिला दांडा खिळ्यांनी जोडतात. दुसरीत दांडा आणि वाटी एकाच सळईतून निघतात. तुमच्या कामाला मी दुसरी सुचवेन, कारण तिच्यात सांधा नाही आणि सांध्यात अन्न अडकत नाही.

सळई घ्यायची बारा मिलिमीटर चौकोनी, साध्या मऊ लोखंडाची. टोकाचा सत्तर मिलिमीटरचा भाग वाटीसाठी राखायचा. तेवढं लोखंड दोन मिलिमीटर जाडीपर्यंत पसरलं की साडेसात सेंटिमीटरची चकती मिळते. हिशेबाने साठ-बासष्ट मिलिमीटरच पुरे, पण दर तावाला, म्हणजे भट्टीत तापवायच्या प्रत्येक खेपेला, लोखंडावर कीट (जळलेल्या लोखंडाचा पापुद्रा) धरतं आणि झडून जातं, म्हणून थोडं जास्त धरायचं. राखलेल्या भागाच्या मागे ऐरणीच्या कडेवर ठोकून मान काढायची. मग हातोड्याच्या चिमट्या बाजूने आधी आडवं पसरायचं, नंतर उभं. मान आधी काढली नाही तर दांड्याचं लोखंड वाटीत ओढलं जातं आणि पळी मानेशी जाड, कडेला कागदासारखी होते.

खरी कसोटी इथून पुढे. चकती पातळ झाली की दांड्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. दांडा अजून लालच असतो आणि कड पांढरी पडून फुलबाज्या उडायला लागतात. फुलबाजी उडाली म्हणजे लोखंड जळलं, ती कड परत येत नाही, कापूनच टाकावी लागते. म्हणून या टप्प्याला भाता हळू करायचा, चकती निखाऱ्याच्या वरच्या अंगाला धरायची आणि नारिंगी रंग आला की लगेच काढायची. माझ्या वडिलांनी मला पळी शिकवताना भात्याच्या दोरीला हात लावू दिला नव्हता. भाता ते ओढायचे आणि मी फक्त रंग सांगायचा. पंधरा दिवस नुसता रंग सांगत होतो.

मग खळगा. बाभळीच्या ओंडक्यात वाटीच्या मापाचा खड्डा कोरलेला असतो. लाल चकती त्यावर ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने बाहेरून आत फिरत ठोकायचं. लाकूड जळतं, डोळ्यांत धूर जातो, पण लोखंडावर मार मऊ बसतो आणि डाग पडत नाही. कडेला सुरकुत्या उठतात त्या तिथल्या तिथे मोडायच्या. एकावर एक घडी बसली तर पुढे तीच जागा गंजाचं घर होते. शेवटी दांडा तीस-पस्तीस सेंटिमीटरपर्यंत ओढायचा, टोकाला अडकवायचा आकडा वळवायचा आणि मानेत किंचित बाक द्यायचा, म्हणजे तपेल्याच्या तळातली आमटीही निघते. हात बसलेल्या माणसाला याला दोन तास लागतात. कुणी अर्ध्या तासात देतो म्हणाला तर तो दांड्याला वाटी वेल्डिंगने चिकटवणार, हे धरून चाला.

दांड्याला पीळ घालून मागू नका. पिळाच्या खाचांत पीठ आणि तेल बसतं आणि ते घासून निघत नाही. हातोड्याचे ठसे मुद्दाम उठवायलाही सांगू नका. जुन्या लोहाराची धडपड ठसे मोडून काम सपाट करण्याची असायची. आजकाल ‘हाताने केलेलं दिसावं’ म्हणून यंत्रावर कापलेल्या वस्तूवर खड्डे पाडतात, आणि ओळखणाऱ्याला ते लगेच ओळखू येतं.

लोखंड कुठलं वापरायचं, याबद्दल थोडं. आज दुकानात मिळतं ते कारखान्यातलं मऊ पोलाद आहे. सतराव्या शतकातलं लोखंड वेगळं होतं, त्यात कीटाचे बारीक तंतू असायचे. तसं हवंच असेल तर जुन्या वाड्यांच्या कड्या-कोयंडे आणि बैलगाडीच्या जुन्या धावा, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, शोधा. भंगारवाल्याकडे अजून मिळतात. पारख सोपी आहे. छिन्नीने अर्धी खाच मारायची आणि थंड असतानाच वाकवून मोडायची. उसाचं चिपाड मोडावं तसे तंतू दिसले तर जुनं लोखंड, आणि मोड बारीक दाणेदार, तंतूविना आली तर कारखान्यातलं. हे जुनं लोखंड नारिंगी रंगावर ठोकलं तर चिरतं, त्याला जवळजवळ पांढरा ताव लागतो. म्हणून पळीसारख्या पातळ कामाला ते मी देत नाही, विळीच्या किंवा झाऱ्याच्या दांड्याला देतो. नुसत्या बघण्यातून दोन्हींत फरक कळत नाही, तेव्हा दुकानातली सळई वापरली म्हणून मन खाऊ देऊ नका.

दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसतो. जस्त चढवलेली पट्टी, पाइप किंवा तार भट्टीत घालायची नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि लोखंड घडवायच्या तावाला भट्टी त्याच्या वरच असते. त्याचा पांढरा धूर छातीत जातो. मी विशीत असताना एका जुन्या गेटाची पट्टी अशीच तापवली होती. संध्याकाळी हुडहुडी भरली, रात्रभर तापाने फणफणलो, तोंडाला गोडसर धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरलं, पण ती चव अजून आठवते. दुसरं, जेवणाच्या कुठल्याही वस्तूला गाडीचं काळं तेल लागता कामा नये. काही ठिकाणी काम तेलात विझवतात आणि ते तेल गॅरेजातलं वापरलेलं असतं. पळीला पाणी द्यायची, म्हणजे तापवून एकदम विझवून कडक करायची, गरजच नसते, हवेत थंड झालेली चालते. सुरी विझवायची असेल तर खायचं तेल वापरायला सांगा आणि समोर उभं राहून करून घ्या.

घडवून झालेली पळी करडी-काळी असते, वर कीट असतं. ती रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा आंबट ताकात बुडवून ठेवा. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, गरम पाण्याने धुवा आणि लगेच चुलीवर कोरडी करा. मग ती इतकी तापवायची की पाण्याचा थेंब पडताच उडून जाईल, आणि जवसाच्या खाद्यतेलाचा हात फडक्याने पुसल्यासारखा फिरवायचा. धूर येऊन विरला की पुन्हा. असे चार हात झाले की काळी, कोरडी, न चिकटणारी पाठ तयार होते. तेल जास्त लावलंत तर चिकट थर बसतो, मग परत घासा. आणि तेल किराणा दुकानातलं आणा. रंगाच्या दुकानात मिळतं ते जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते पोटात जायला नकोत.

लोखंडाचं आंबटाशी जमत नाही. आमच्या पहिल्या कार्यक्रमात चिंचेची आमटी होती आणि माझीच पळी रात्रभर तपेल्यात राहिली. सकाळी आमटी शाईसारखी काळी, चवीला तुरट, चाळीस माणसांचं कोरड्यास ओतून द्यावं लागलं. तेव्हापासून आंबटाला लाकडी चाटू आणि पिठल्याला लोखंडी पळी असं वाटून ठेवलंय.

ताटांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या, चोयांनी टाचलेले. मशीनवर दाबलेल्या पत्रावळीला कधीकधी मागून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, पालथी करून बघा. नाईक-सरनोबत कुणी दाखवणार असाल तर दोन-चार पितळ्या ठेवा, आपल्याकडे जुन्या घरांत माळ्यावर अजून सापडतात. कास्याची ताटंही शोभतात. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम कापडाखाली झाकूनसुद्धा आणू नका. पहिलं १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीच्या हातून आलं, आणि दुसरं स्वस्त झालं ते १८८६ नंतर.

पितळी आणि तांब्याची भांडी कल्हईशिवाय वापरली की आंबट पदार्थ कळकतो, हे घरातल्या आजीला विचारलंत तरी सांगेल. कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना, एवढं विचारा. स्वस्तात करणारे त्यात शिसं मिसळतात आणि ते जेवणात उतरतं. जुन्या भांड्याला गळती असेल आणि कुणी डाग देतो, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवतो म्हणाला, तर त्याच्या डागातही शिसं नाही ना, ते बघा. आणि कल्हई केलेलं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांना वितळतं, आणि लाकडाच्या जाळावर तेवढी धग रिकाम्या तळाला बघता बघता येते. आधी पाणी किंवा तेल, मग जाळ.

तव्याबद्दल एवढंच की तीन मिलिमीटरचा पत्रा घ्या. त्याहून पातळ तवा तीन दगडांच्या चुलीवर पिळतो आणि भाकरी एका अंगाला करपते.

प्रत्येक मावळ्याच्या कमरेला हाताने घडवलेली एक तरी लोखंडी वस्तू हवी, ही तुमची इच्छा मला पटते. ती चमच्याने भागवू नका, चकमकीने भागवा, म्हणजे गारगोटीवर मारून ठिणगी पाडायच्या पोलादी तुकड्याने. चकमक जेवणाला लागतेच, चूल तिनेच पेटते. ती करायला जुनी झिजलेली कानस लागते, कारण कानशीत कार्बन भरपूर, साधारण एक टक्क्याच्या वर असतो. मऊ लोखंडाची चकमक कितीही मारा, ठिणगी देत नाही. कानशीचे दात आधी घासून काढायचे, नाहीतर ठोकताना ते आत घडी होऊन बसतात आणि तिथून चीर जाते. बोटं बसतील असा बाक द्यायचा, भडक लाल करायची, चुंबक धरेनासा झाला की त्यानंतर किंचित अजून ताव, आणि मारायची कड पाण्यात. सुरीला पाणी दिल्यावर जसा हलका ताव देऊन कडकपणा उतरवतो, तसा या कडेचा उतरवायचा नाही. कड काचेसारखी कडक राहिली तरच ठिणगी पडते. एका कानशीतून दोन-तीन चकमकी निघतात, म्हणजे तीस जणांना दहा-पंधरा जुन्या कानशी पुरतील. वर्कशॉपवाले त्या टाकूनच देतात.

आणि दगड विकत घ्यायची गरज नाही. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, त्याच्या पोकळ्यांत गारगोट्या तयार झालेल्या असतात. ओढ्याच्या पात्रात पांढरट, मेणचट, फोडला की धारदार कड देणारा दगड शोधा. चकमक गारगोटीच्या कडेवर घासून खाली आणायची आणि ठिणगी जाळून काळ्या केलेल्या सुती चिंधीवर झेलायची. चिंधी झाकणाच्या डबीत कोंडून भाजायची, उघड्यावर जाळली तर राख होते. तुमच्या गटातल्या पोरांना हे जमायला आठवडा लागेल, म्हणून चकमकी आधी करून घ्या आणि पळ्या मागाहून.

विस्तवाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. १९ मे १६७३ चं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या लष्कराला लिहिलेलं पत्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. रयतेला त्रास देऊ नका, यासाठी ते सांगितलं जातं. त्याच पत्रात मुक्कामातल्या विस्तवाचीही काळजी आहे. कुणी भलत्याच जागी चुली मांडेल, कुणी आगट्या करेल, कुणी तंबाखूला विस्तव नेईल, दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असं बारकाईने लिहिलंय. तुमचा कार्यक्रम फेब्रुवारीतला, डोंगरावरचं गवत तेव्हा वाळून कोळ होतं. चुली एका ओळीत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, भोवतीचं गवत चार हात खरवडून, आणि प्रत्येक चुलीपाशी पाण्याची एक घागर. वन खात्याची आणि पोलिसांची परवानगी वेगळी, ती तर घ्याच. प्रेक्षकांना चुली अशा का मांडल्या ते सांगताना हे पत्र सांगा.

सुरी प्रत्येकाला देऊ नका. भाजी विळीवर चिरली जाते, आणि गर्दीत कमरेला उघडी सुरी धोक्याची. मुदपाकातल्या दोघांकडे चार बोटं पात्याची सुरी असू द्या. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद, शिसवी किंवा बाभळीची मूठ, खिळे पितळेचे. मुठीला आजकालचा चिकट गोंद न वापरता लाख वापरायला सांगा.

काम कुणाकडून करून घ्यायचं असं विचाराल, तर आधी आठवडे बाजारात रस्त्याकडेला भट्टी लावणाऱ्या घिसाड्यांकडे जा. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते, आणि एकमेकांकडे न बघता दोघांचा ठेका जुळलेला असतो. खुरपी, विळे, उलथनी हे त्यांचं रोजचं काम आहे, हात चोख आहे. वस्तू हातात घेऊन नमुना दाखवलात तर नेमकी करून देतात. घासाघीस करू नका. आणि तयार झाल्यावर त्यांनाच मुक्कामात भट्टीसकट दोन दिवस बसायला बोलवा, योग्य मेहनताना ठरवून. फौजेबरोबर लोहार लागायचेच, नाल आणि हत्यारं रोज मोडत होती. तुमच्या मुक्कामात ऐरणीचा आवाज नसेल तर तो अर्धाच उभा राहील.

एकच करा. लोहाराकडे जाताना पळीचं माप कागदावर लिहून नेऊ नका. ज्या तपेल्यात आमटी होणार ते तपेलंच उचलून न्या. पळीचा दांडा तपेल्याच्या खोलीवरून ठरतो आणि वाटी तुमच्या द्रोणावरून, एका पळीत एक द्रोण भरला पाहिजे. द्रोणही सोबत ठेवा.